रायाजीचं बीज

एकदा काय झालं, डोंगरावरच्या एका राजाची लेक आजारी पडली. शेवंती तिचं नाव. हसरी, खेळकर पोर. पण हळूहळू तिचे ओठ पांढरे पडले. चार पावलं चालली की धाप लागायची. जरा खरचटलं तरी रक्त थांबायचं नाही. मग ताप आला, तो उतरेना.

राजाने सगुणा वैद्यीणबाईंना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, नखं पाहिली आणि म्हणाल्या, "महाराज, हिच्या अंगात नवं रक्तच तयार होत नाही."

"रक्त तयार कुठे होतं?" राणीने विचारलं.

"हाडांच्या आत, मगजात, म्हणजे तिथल्या मऊ गरात. तिथे रक्ताचं बीज असतं. त्या एका बीजातून तीन तऱ्हेचे कण वाढतात. तांबडे अंगभर श्वास पोचवतात, पांढरे रोगाशी झुंजतात आणि अगदी बारके असतात ते जखमेतून वाहणारं रक्त थांबवतात. जुने मरतात, नवे येतात. हिचं बीजच सुकलंय. दुसऱ्या कुणाचं जुळलं तरच पोर वाचेल."

मग राजाचं बीज पाहिलं. जुळलं नाही. राणीचं पाहिलं. तेही नाही.

"हिला सख्खा भाऊ असता तर," वैद्यीणबाई म्हणाल्या, आणि राजाची मान खाली गेली.

भाऊ होता, बरं का. रायाजी. पण त्याने धनगराच्या मुलीशी लग्न केलं, म्हणून राजाने त्याला घराबाहेर काढलं होतं.

मग राजा स्वतः निघाला. पालखी नाही, शिपाई नाही. पायी डोंगर उतरला आणि लेकाच्या झोपडीपाशी उभा राहिला.

"शेवंती कशी आहे?" रायाजीनेच विचारलं.

"जातेय रे ती. तुझ्याकडे मागायला आलोय. पण मागायला मला तोंड नाही."

रायाजीची बायको आतून घोंगडी घेऊन आली, त्याच्या खांद्यावर टाकली. "आधी तिच्याकडे जा," ती म्हणाली. "बाकीचं मग बोला."

रायाजीचं बीज जुळलं. मग वैद्यीणबाईंनी औषधं देऊन शेवंतीची हाडं नव्या बीजासाठी मोकळी केली. ते दिवस फार कठीण गेले. मग रायाजीच्या कमरेच्या हाडातून सुईने मगज काढला आणि शेवंतीच्या शिरेत सोडला. आणि ते बीज, बाळांनो, कुणाला वाट न विचारता, आपलं आपण तिच्या हाडांत जाऊन बसलं.

मग नुसती वाट पाहायची. दाराबाहेर बाप आणि मुलगा एकाच बाकावर बसून राहिले.

एके सकाळी ताप उतरला. ओठांवर लाली आली. राजा बघतच राहिला.

"ही लाली तुझी आहे," तो रायाजीला म्हणाला. "तू बस हिच्याजवळ. सूनबाईंना आणायला मी जातो."

आणि गेला. मग सगळी एका घरात सुखाने नांदली.

काय म्हणालास? तुमच्या हाडांतही रक्त बनतं का? बनतं की. तुम्ही निजलात तरी ते काम थांबत नाही. मिटा आता डोळे.