पहिल्या नंबरचं शून्य

"शून्य मार्कांची पोरगी पहिल्या नंबरला कशी बसली रे?"

कोंडाजीबुवांनी विचारलं आणि दिगंबर हसला. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. बुवा गंमत करत नसत.

मठाच्या ओसरीवर कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. कफनी अंगावर चढवण्याआधी बुवांनी पॉलिटेक्निकात सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवण्यात उमर घालवली होती. संसार सुटला, सी काही सुटलं नाही. दिगंबर त्यांचाच जुना शिष्य. पुण्याहून मोठी पदवी घेऊन आला होता आणि ती नव्या सदऱ्यासारखी चारचौघांत झटकत होता.

परीक्षा कॉम्प्युटरवरच झालेली. मार्क मोजून नंबर लावायचा प्रोग्रॅम दिगंबरनं लिहिला होता. जो पहिला येईल त्याला शहरातल्या कॉलेजात फुकट शिक्षण, राहणं-जेवणासकट. दुपारच्या एसटीनं नाव जायचं होतं.

पडद्यावर सगळ्यात वर राही धायगुडे. मार्क शून्य. तिच्या खाली बहात्तर, मग पंचावन्न, मग चाळीस...

राही खांबाला टेकून उभी. बाप बाळकू पायरीखाली, तिचं बोचकं बांधून तयार.

"चल गं," बाळकू म्हणाला. "शून्य म्हंजी शून्य. मेंढरामागं फिरायला ह्यातलं काय लागत न्हाय."

"आबा, मी समदं सोडवलं हुतं."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?"

"मशीन खोटं बोलत नाही," दिगंबर मध्येच म्हणाला. "ती वर कशी चढली ते मी सावकाश बघतो. शून्य मात्र खरं."

पोरीनं मान खाली घातली. दिगंबरला तिकडे बघायला वेळ नव्हता.

बुवा म्हणाले, "नंबर लावताना मार्कांची अदलाबदल कशी केलीस?"

आता दिगंबर खुलला. त्याला हेच कुणीतरी विचारायला हवं होतं.

"सोपं आहे, बुवा. आधी सगळे हजेरीच्या क्रमानं. मग एकेका नंबरासाठी उरलेल्यांत सगळ्यात जास्त मार्क कुणाचे ते शोधायचं, आणि त्या नंबरच्या जागी जो बसलाय त्याच्याशी त्याची अदलाबदल करायची. आता दोन घरांतले आकडे बदलायचे तर सगळे तिसरं रिकामं घर घेतात. एक आकडा तिथं घटकाभर ठेवायचा, नाहीतर नवा आला की जुना मेला. मी तिसरं घर घेतलंच नाही! बेरीज-वजाबाकीत भागवलं. मध्ये आणखी कोण कशाला पाहिजे?"

"वा," बुवा म्हणाले.

बुवांच्या तोंडून 'वा' निघालं की शहाण्यानं पळावं. दिगंबरची छाती फुगली.

बुवांनी धुनीतली मूठभर राख ओसरीवर पसरली. बोटानं दोन घरं काढली. एकात सात, एकात नऊ.

"कर."

दिगंबर उकिडवा बसला. दोन्हींची बेरीज सोळा, ती पहिल्या घरात. सोळातून दुसऱ्यातले नऊ गेले, राहिले सात, ते दुसऱ्यात. पुन्हा सोळातून ते सात गेले, राहिले नऊ, ते पहिल्यात. पुसलं, लिहिलं, झालं.

"बघा. तिसरा नाही."

बुवांनी तळहातानं एक घर पुसून टाकलं. उरलं एकच. त्यात सात लिहिले.

"आता याची याच्याशीच कर."

"एकाच घराची? त्यात काय करायचं, बुवा? सात ते सातच राहणार."

"कर की."

दिगंबरनं उगाच मान हलवली. पहिल्यात दुसरं मिळवायचं. पहिलं हेच, दुसरंही हेच. सात नि सात चौदा. सात पुसले, चौदा लिहिले. आता पहिल्यातून दुसरं वजा करायचं. चौदातून चौदा...

बोट राखेवरच थांबलं.

"लिही."

त्यानं शून्य लिहिलं.

"अजून एक वजाबाकी राहिली."

शून्यातून शून्य...

"आन् सात कुठं गेलं?" बाळकूनं पायरीखालून विचारलं. त्याला त्यातलं काडीचं कळत नव्हतं. पण होतं ते गेलं, एवढं मेंढपाळाला कळतं.

दिगंबर राखेकडे बघत राहिला. पहिल्या नंबरच्या जागी आधीपासून कोण बसलं होतं? हजेरीत पहिलं नाव कुणाचं? राहीचं. आणि सगळ्यात जास्त मार्कही तिचेच असले तर प्रोग्रॅमनं तिची अदलाबदल केली कुणाशी?

तो उठला. उठला कसला, धडपडत पळाला. खुर्ची ओढायचीही शुद्ध नव्हती, उभ्यानंच त्यानं बेरीज-वजाबाकीच्या ओळी खोडल्या. तिसरं घर घेतलं. सगळ्यांची उत्तरं पहिल्यापासून पुन्हा मोजायला लावली.

पडदा क्षणभर कोरा...

राही धायगुडे. एक्क्याण्णव.

"पहिली!" दिगंबर ओरडला. "पहिलीच आहे ही!"

राहीनं दोन्ही हात तोंडावर दाबले, तरी आतून किंकाळी निघालीच.

बाळकू दोन ढांगांत ओसरीवर आला. "शंभरातलं का?"

"शंभरातले."

"मग नऊ कुणी खाल्लं, मास्तर?"

"आबा!" राही हसत-रडत म्हणाली.

"बरं बरं. ऱ्हाऊ दे त्यास्नी." बाळकूनं बोचकं खांद्यावर टाकलं. "चल गं, गाडी चुकंल."

"घरी?"

"घरी काय हाय? कॉलेजात! नाव कशाला धाडायचं, पोरगीच नेऊन उभी करतो."

राहीनं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं, दिगंबरच्याही ठेवलं. त्याला पाय मागे घ्यायचं सुचलं नाही. बापलेक उतरणीला लागली. बाप मागं बघत हात करत होता, पोरगी तर पळतच होती.

दिगंबरनं घाम पुसला. चेहरा उजळला होता.

"बुवा, बसवली बघा तिला तिच्या जागी!"

बुवा हाताची राख झटकत होते...

"उठली कधी होती?"