खूण नसलेली हाडं

एकदा एक विदुषी होत्या आणि त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग होता हाडांचा. हाडं म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असेल, तर पडू द्या. लिपी जन्माला येण्याआधी आपल्या या मुलखात जी माणसं राहिली, त्यांनी स्वतःविषयी एक अक्षर मागे ठेवलेलं नाही. ती काय खात होती, कशानं आजारी पडत होती, किती राबत होती, हे त्यांच्या सांगाड्यांनाच विचारावं लागतं. या विदुषींना ते विचारता येत असे. लहानथोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत.

त्यांचा एक शिष्य होता, शिरीष. हुशार, कष्टाळू, पण सदा जिवाला घोर लावून बसलेला. घोराला कारणही होतं म्हणा. थोरला मुलगा निहार दम्याचा. त्याला धाप लागली की घरातल्या सगळ्यांचा श्वास अडकायचा. धाकटी रेवती मात्र जन्मापासून धडधाकट. "पोरगी म्हणजे दगड आहे नुसता," असं तो कौतुकानं सांगायचा. बापाचं कौतुकसुद्धा कधी कधी किती आंधळं असतं, बघा.

नदीकाठच्या एका पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात, उत्खनन झालं होतं. तिथल्या प्राचीन लोकांची एक रीत होती. मूल दगावलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. गावाबाहेर नाही, घरात. आईनं चूल पेटवायची आणि लेकरू तिथंच, हाताच्या अंतरावर. अशी पुष्कळ मडकी निघाली होती. दुसऱ्या दिवशी संस्थेत प्रदर्शन भरायचं होतं आणि मुलांच्या हाडांची मांडणी शिरीषकडे होती.

त्यानं दोन टेबलं लावली. एका टेबलावर खुणा असलेली हाडं. कुणाच्या डोळ्याच्या खोबणीत रक्त कमी असल्याची बारीक छिद्रं, कुणाच्या नडगीवर सूज येऊन गेल्याचा खडबडीत थर, कुणाच्या दातांवर आडव्या रेघा. दुसऱ्या टेबलावर स्वच्छ, गुळगुळीत हाडं; भिंगाखाली धरली तरी डाग सापडत नव्हता. पहिल्या टेबलावर त्यानं पाटी ठेवली, 'दुर्बळ मुले'. दुसऱ्यावर ठेवली, 'निरोगी मुले'. मांडणी त्याला मनापासून आवडली.

तेवढ्यात त्याच्या बायकोचा, वैजयंतीचा, फोन आला. बाई शेजारीच एक कवटी पुसत होत्या. त्यांच्या कानावर सगळं पडत होतं.

"रेवूचा ताप उतरला? मग झालं तर! ... पडून आहे? अगं, तापानंतर थकवा असतोच. ... जेवली नाही तर नाही, जेवेल. वैजू, ती दगड आहे, तिला काय होतंय! निहारला पंप दिलास का? धूळ उडतेय बाहेर, त्याला खिडकीत बसू देऊ नकोस. ... अगं, नाही बरी दिसत म्हणजे काय? रडतेय का ती? नाही ना? मग?"

त्यानं फोन ठेवला. बाई उठल्या, टेबलांपाशी गेल्या आणि त्यांनी दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली. डागाळलेल्या हाडांपुढे आता 'निरोगी मुले' अशी पाटी आली.

शिरीष चक्रावला. बाईंचं वय झालं, असंही क्षणभर त्याच्या मनात येऊन गेलं. "बाई, अहो, उलटं झालं! उद्या लोक हसतील मला."

"हसू देत. मला एक सांग," गुळगुळीत हाडांकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या, "हे मूल निरोगी होतं?"

"एकही खूण नाही, बाई."

"आणि निघालं कुठून?"

"मडक्यातून."

"अरे, मग निरोगी कसं? निरोगी मुलं मडक्यात जात नाहीत, शिरीष. ती मोठी होतात, भांडतात, संसार करतात, म्हातारी होऊन खोकत बसतात. हे तर धड पाच वर्षांचंही नव्हतं."

बाईंनी एक छोटा जबडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला.

"ही दातावरची रेघ. आजारपणात दात घडायचा मंदावतो आणि पोर सावरलं की पुन्हा नीट घडू लागतो. म्हणून रेघ दिसते. पोर सावरलंच नसतं, तर रेघ कुठून आली असती? हाडावर खूण उमटायला अवधी लागतो. तेवढा काळ शरीराला झुंजावं लागतं. ज्यांना तू दुर्बळ ठरवलंस, तीही शेवटी गेलीच, पण त्याआधी त्यांनी दुखणी पचवली, ती पुन्हा आजारी पडली, पुन्हा सावरली. आणि ही स्वच्छ हाडांची कशानं गेली, मला सांगता यायचं नाही. कुणाला साप चावला असेल, कुणी पुरात गेलं असेल. पण काही अशा दुखण्यानं गेली असतील, की हाडाला पत्ता लागायच्या आत सगळं आटोपलं. खूण नाही म्हणजे दुखणं नव्हतं, असं नव्हे. दुखण्याला खूण करायला सवड मिळाली नाही, एवढंच."

एवढं बोलून त्यांनी विचारलं, "धाकटीचं काय दुखतंय?"

"तसं काही नाही, बाई. वैजू म्हणत होती, पोट... की डोकं..." तो अडखळला. "मी नीट ऐकलं नाही."

"मी डॉक्टर नाही. पण ज्या आईला पोर बरं दिसत नाही, तिचं तरी ऐक. पाट्यांचं मी बघते. तू ऊठ."

शिरीष हातातला जबडा ठेवून घरी निघाला. वाटेत प्रत्येक सिग्नलला तो स्वतःला शिव्या घालत होता. घरी रेवती भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यानं तिचा हात हातात घेतला. ताप नव्हता, पण हात गार होता आणि ओलसर होता. ती रडत नव्हती, त्याचीच त्याला भीती वाटली. निहारला शेजारच्या काकूंकडे सोडून दोघांनी तिला उचललं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी तपासलं आणि तडक सलाईन लावलं. "डेंग्यू दिसतोय. ताप उतरला की लोक निर्धास्त होतात, आणि खरा धोका तिथंच असतो. लघवी शेवटची कधी झाली? पोट कधीपासून दुखतंय? याआधी कधी मोठं आजारपण?"

निहारची औषधं, त्यांच्या वेळा, कोणत्या महिन्यात कितीदा धाप लागली, सारं शिरीषला तोंडपाठ होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या परक्या पोरांची दुखणी तो त्यांच्या दातांवरून सांगत होता. स्वतःच्या लेकीविषयी त्याला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. उत्तरं वैजयंतीनं दिली. त्याला तिच्या नजरेला नजर देववेना.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन त्याच्याविना भरलं. दुपारपर्यंत रेवतीचे हात ऊबदार झाले, नाडी सुधारली. "वेळेत आणलंत," एवढंच डॉक्टर म्हणाले. उशीर झाला असता तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि शिरीषनं विचारलं नाही.

तो लेकीच्या पायाशी बसला. "रेवू, कुठं दुखतंय बाळा?"

"कुठंच नाही," सवयीनं ती म्हणाली.

एरवी तो हसून उठला असता. आज तो हलला नाही. त्यानं तिच्या पावलावर हात ठेवला आणि पुन्हा तेच विचारलं. रेवतीनं त्याच्याकडे जरा वेळ निरखून पाहिलं, बाबांना खरंच ऐकायचंय की काय, असं. मग तिनं पोटावर बोट ठेवलं. "इथं." मग कपाळावर. "इथं." मग हळूच कोपर पुढे केलं. "आणि इथं. शाळेत घसरगुंडीवरून पडले होते ना, तेव्हा. दादाला धाप लागली होती, म्हणून मी सांगितलं नाही."

मंडळी, तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला कधीच काही होत नाही. आज त्याच्यापाशी जाऊन बसा, आणि पहिल्या उत्तरावर उठू नका.