पाडणाऱ्यानंच उठवायचं

“पण वस्ताद… मी उठलोच न्हाई तर?”

हिंदुरावानं हे विचारलं आणि जोर मारणारी पोरं मारता मारता थांबली. मी थंडाई घोटत होतो. माझाही हात थांबला.

हिंदुराव म्हणजे आमच्या तालमीचं नाक. वारणेच्या दोन्ही काठांवरच्या मैदानांत त्यानं भल्याभल्यांना अस्मान दाखवलेलं. आणि हा गडी आज भर दुपारी मिरजेच्या दवाखान्यातून पळून आला होता! अंगात दवाखान्याचा हिरवा सदरा, मनगटात नावाची पट्टी. एसटीतल्या लोकांना काय वाटलं असेल, देव जाणे.

पाठीच्या मणक्यातली गादी सरकून त्याची नस दाबली गेली होती. उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं, आता टाळलंस तर डावा पाय जाईल, लघवीवरचा ताबासुद्धा जाईल.

वस्ताद हौद्याच्या कडेला बसले होते. हौदा म्हणजे आमची कुस्तीची माती. दुपारीच ती खणून, ताक-पाणी शिंपडून तयार केलेली.

दस्तगीर वस्ताद ऐंशीच्या घरातले. गुडघे कामातून गेलेले, पण ताठ बसणार. भिंतीलासुद्धा पाठ टेकणार नाहीत. का, तर त्यांची पाठ उभ्या आयुष्यात मातीला लागलेली नाही. आमची तालीम दगडविटांवर नाही, त्या एका गोष्टीवर उभी आहे असं गावात म्हणतात. मीही म्हणतो.

“शालन कुठाय?” वस्तादांनी विचारलं. शालन म्हणजे हिंदुरावाची बायको.

“तितंच. खाटंजवळ.”

“सांगून आलास?”

“चहा पिऊन येतो म्हनलो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी नुसतं बघितलं. हसणाऱ्यानं हसू गिळलं.

“वस्ताद, भूल देणार. पालथा घालणार. आनि मागनं पाठीवर सुरी चालवणार. गडी पाठीमागं गेला म्हंजे कुस्ती गेली, हे तुमीच शिकवलंय न्हवं?”

“शिकवलंय.”

“जागा असतो तर झगडलो असतो. पर झोपंत… कुणाच्या तरी हातात पाठ द्यायची…”

त्याचा आवाज फाटला.

“मला भ्या वाटतंय, वस्ताद.”

आणि तो रडला. एवढा थोरला गडी, हौद्याच्या कडेला उभा राहून, लहान पोरागत. पोरांनी माना खाली घातल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा हिंदुरावदादा…

वस्तादांनी ना पाठीवर हात फिरवला, ना धीर दिला.

“चप्पल कुठं काढलीस?” त्यांनी विचारलं.

“आँ? दारात.”

“म्हादबा, बघ जरा.”

म्हादबा म्हणजे मी. चपलांचं काय मध्येच, असं पुटपुटत गेलो. दारात उजव्या पायाची एकच चप्पल होती. वाटेवर नजर टाकली, डावीचा पत्ता नाही.

“एकच हाय,” मी म्हणालो.

हिंदुरावानं खाली बघितलं. डाव्या पायाचा तळवा धुळीनं माखलेला, अंगठ्यातून रक्त आलेलं. स्टँडपासून तालमीपर्यंत तो तसाच आला होता. अनवाणी, फुफाट्यातून, खडीवरून. आणि त्याला काही कळलं नव्हतं!

तो त्या पायाकडे असा बघत राहिला की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मग त्यानं हळूच विचारलं, “तुमी कवा भ्यालाय का, वस्ताद?”

“रोज.”

“थट्टा नगा करू.”

“थट्टा कशाची? मैदानाच्या दिवशी लंगोट कसला की मला संडासला लागायचं. सुटं करायचं, जाऊन यायचं, परत कसायचं. माझे वस्ताद शिव्या घालायचे.”

अरे देवा! आम्ही पोरांना या माणसाच्या कथा सांगून सांगून मोठं केलं. त्यात हे कुठंच नव्हतं. एका पोराचं तोंड उघडं राहिलं ते मिटेचना.

“मग भ्या जायाचं कसं?” हिंदुराव म्हणाला.

“जायाचं न्हाई. भ्याबी माझ्यासंगं हौद्यात उतरायचं.”

एवढं बोलून वस्ताद उठायला लागले. गुडघ्यांवर हात देऊन, कण्हत. मी आधाराला धावलो तर मला झिडकारलं. सदरा काढून खुंटीला लावला आणि हौद्यात उतरले. कित्येक वर्षांत ते हौद्यात उतरले नव्हते. वाकून माती उचलली, कपाळाला लावली.

“ये,” ते हिंदुरावाला म्हणाले.

इथं आमच्या तालमीचा एक रिवाज सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ज्याची पाठ लागली त्यानं आपणहून उठायचं नाही. ज्यानं पाडलं त्यानंच हात देऊन उठवायचं. तिसऱ्यानं बोट लावायचं नाही. राग मातीतच राहावा, घरी जाऊ नये, म्हणून कुणीतरी कधीकाळी घातलेला हा दंडक. एकदा दोन पोरांत जुंपली, पाडणारा तणतणत नदीवर निघून गेला. पडलेला तसाच पडून राहिला. त्याची आई भाकरी घेऊन आली, रडली, भांडली. वस्तादांनी तिला हात लावू दिला नाही. शेवटी पाडणारा ओल्या अंगानं परत आला, त्यानं उठवलं, आणि त्याच भाकरीतली अर्धी खाल्ली.

तर हिंदुराव हौद्यात उतरला. डावं पाऊल फरफटत.

“वस्ताद, मला कुस्ती कशी जमंल…”

“कुस्ती कोन मागतंय? हात दे.”

त्यांनी हिंदुरावाचा उजवा हात धरला आणि आपल्या उघड्या छातीवर ठेवला. पिकल्या केसांच्या छातीवर तो फावड्याएवढा पंजा.

“ढकल.”

“न्हाई.”

“ढकल म्हनतोय न्हवं?”

“वस्ताद, तुमची पाठ… माझ्या हातानं? हात झडंल माझा!”

“लागलाय न्हवं हात? बास.”

आणि वस्ताद खाली बसले.

आधी एक गुडघा. मग दुसरा. मग कोपरावर आले. हिंदुरावाचा हात त्यांनी छातीवर शेवटपर्यंत धरून ठेवला होता, हात पुरेनासा झाला तेव्हा सोडला. एक खांदा मातीला लागला…

“वस्ताद!” मी ओरडलो. कसा ओरडलो ते माझं मला कळलं नाही.

…मग दुसरा लागला.

दस्तगीर वस्तादांची पाठ मातीला लागली.

थंडाईचं भांडं माझ्या पायावर उपडं झालं. मघाशी हसलेला पोरगा हमसून हमसून रडायला लागला. कुणीतरी तालमीचं दार लावून घेतलं, बाहेरच्यांनी बघू नये म्हणून. माझ्या डोक्यात एकच, हे झालंच नाही, हे आपण बघितलंच नाही. आणि रागही आला, का लपवू? सत्तर वर्षं जपलेली गोष्ट म्हाताऱ्यानं अशी मातीत घालावी? तीही एका पळपुट्यासाठी?

वस्ताद उताणे पडले होते. हात पसरलेले. छताकडे बघत होते.

“म्हादबा,” ते म्हणाले.

“जी?”

“पत्र्याला भोक पडलंय की रं.”

मी वर बघितलं. होतं खरं. त्यातनं उन्हाचा कवडसा येत होता.

“एवढी वर्षं झाली. मला दिसलंच न्हाई.”

हिंदुरावाच्या तोंडावरचा रंग उडाला होता. “उठा वस्ताद,” तो म्हणाला. “पाया पडतो तुमच्या. उठा.”

“कुनी पाडलं मला?”

“तुमीच… तुमी आपणहून…”

“हात कुनाचा हुता छातीवर?”

हिंदुरावानं आपल्या पंजाकडे बघितलं.

“कुनाचा हुता?”

“माझा.”

“मग?”

हिंदुरावानं हात पुढं केला. तो हात वस्तादांपर्यंत पोचेना. तो वाकायला गेला. जरासा वाकला असेल नसेल, तोच त्याच्या पाठीत कळ भरली. अशी की त्याची किंकाळी फुटली. डावा पाय लटपटला आणि तो जागच्या जागी अर्धा वाकलेला अडकून राहिला. धड खालीही जाता येईना, वरही येता येईना. घामानं निथळला.

मोठ्या पोरांतला एक पुढं झाला, वस्तादांना उचलायला.

“हात लावशील तर,” वस्ताद पडल्या पडल्या म्हणाले, “उद्यापास्नं तालमीची पायरी चढायची न्हाई.”

पोरगा मागं सरला.

“म्हादबा, तुलाबी सांगतोय.”

मी कशाला हलतोय? माझे पाय आधीच जमिनीला चिकटलेले.

हिंदुराव कसाबसा सरळ झाला. डोळ्यांतून धारा लागलेल्या. मनगटातल्या त्या पट्टीनंच त्यानं नाक पुसलं.

“मला वाकवत न्हाई, वस्ताद.”

“दिसतंय.”

“मग आता कसं?”

“वाकता येईल तवा ये.”

हिंदुराव त्यांच्याकडे बघत राहिला. मग आपल्या धुळीनं माखलेल्या पायाकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

“आनि वस्ताद… मी उठलोच न्हाई तर?”

वस्तादांनी पत्र्यातल्या त्या भोकाकडे बघत पाठ जराशी हलवली, अंथरुणात माणूस जागा करून घेतो तशी.

“लवकर जा,” ते म्हणाले. “माती लई गार हाय.”