राघवगिरीचं पोट

"...पण देह म्हणजे मातीच ना, बाबा? मग मातीसाठी एवढी धावपळ कशाला?"

राघवगिरीने प्रश्न असा टाकला, जणू उत्तरही त्यालाच द्यायचं होतं. मठात त्याच्याइतके कडक उपास कुणी करत नसे, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी कुणाला ठाऊकही नव्हती.

शौचावाटे रक्त पडू लागलं, तेव्हा तो म्हणाला, मूळव्याध. पोट कधी गच्च, कधी सैल; तेव्हा म्हणाला, उपासाचं पोट. मठाच्या पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तेव्हा मात्र त्याचे गुरू केशवगिरी बाबांनी त्याचं काही न ऐकता त्याला दवाखान्यात धाडलं. तिथे दुर्बिणीने तपासणी झाली.

आज डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ आहे. लहान आहे, अजून कुठे पसरलेली नाही. आत्ताच कापून काढली तर बरं होण्याची मोठी आशा आहे. थांबलात तर सांगता येत नाही.

"मी थांबणार," मठात परतल्यावर राघवगिरी बाबांना म्हणाला. "सुरीखाली जाणार नाही. परवाच लोकांना सांगितलं, देहाचा मोह सोडा म्हणून. आता मीच खाटेवर जाऊन पडू?"

"लोकांचं राहू दे. तुला भीती वाटतेय?"

"नाही."

...

वाटत होती. पण भीती कबूल केली असती तर आजवरचे सगळे उपास पाण्यात गेले असते, आणि तेवढी त्याची तयारी नव्हती.

"मला हा देह नकोच आहे," तो हट्टाने म्हणाला. "दीक्षा घेतली त्याच दिवशी टाकला."

"कुठे टाकलास?"

"तुमच्या पायाशी. सगळ्यांसमोर. तन, मन, धन."

"मग कधी परत घेतलास?"

"कधीच नाही!" राघवगिरीची मान ताठ झाली.

...

बाबा गुडघे धरत उठले. त्यांनी शिष्याच्या पोटावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली, पायात वहाणा सरकवल्या आणि जीपवाल्याला हाक मारली.

"बाबा, मी येणार नाही म्हटलं ना!"

"तू कशाला येतोस? बस इथंच. पोट माझं आहे, ते घेऊन मी चाललोय."