दारातला 'या'

एका राज्यात मरी येऊन गेली, त्याला सात वर्षं झाली होती. तरी तिथं कोणी कोणाच्या घरी जात नसे. जाणार तरी कसे? 'या' हा शब्दच कोणाच्या तोंडून निघत नव्हता. लग्नं लागत, तेव्हा पाहुणे मांडवाबाहेर उभे राहत. शेजारणी बाळाला उंबऱ्याबाहेरूनच बघून परत फिरत.

हे सारं राजा शार्ङ्गधराचं करणं. कोणी कोणाला आत घेऊ नये, म्हणून मरीत त्याने तो शब्द मांत्रिकाला देऊन टाकला होता. मरी हटली, शब्द परतला नाही.

शेवटी राजाने तो शब्द राखणारी मांत्रिकाची बोलकी साळुंकी गाठली. ती म्हणाली, "तुझ्यामुळे ज्यांच्या तोंडावर दारं लागली, अशा तिघांना 'येऊ का?' विचार. एकाने जरी मनापासून आत बोलावलं, तरी शब्द त्याच्या तोंडी येईल आणि सगळ्यांसाठी सुटेल. खोटं बोललास, तर कायमचा गेला."

राजा आधी सुईणीकडे गेला. तिने हात पुढे केले. "माझ्या हातांनी मरणाऱ्यांना पाणी पाजलं, महाराज. नंतर माझ्या हातांचं पाणी कोणी प्यायलं नाही." तिने दार लावलं.

कुंभार आतूनच बोलला, "हे दार तुम्हीच बाहेरून चिणलं होतं."

तिसरी झोपडी वेशीबाहेर, राजाच्या भाचीची, केतकीची. मरीत राजाची थोरली बहीण लेकीचा हात धरून वेशीशी आली होती. "बाळराजे, येऊ का?" अशी तिने हाक मारली होती. वेस उघडली नाही. चौथ्या दिवशी ती तिथंच गेली; पोरीला गुराख्यांनी वाढवलं.

"येऊ का?" राजाने विचारलं.

"आईची हाक ऐकली होती तुम्ही?"

हाक पोचलीच नाही, असं राजा सात वर्षं सांगत आला होता.

"ऐकली होती, बाळ. बुरुजावरच होतो. भ्यालो. तो शब्द तेव्हा माझ्या तोंडात होता. मांत्रिकाला दिला तो दुसऱ्या दिवशी, तोंड लपवायला."

 केतकी दारातून बाजूला सरली.

"आईने तुम्हाला बाहेर ठेवलं नसतं. या, मामा."

त्यासरशी नगरातली दारं उघडली. सुईणीकडे बाया खाली मानेने पाणी मागायला गेल्या. राज्याची घडी पुन्हा बसली.

राजा मात्र रोज वेशीवर जाई आणि म्हणे, "या, अक्का." शब्द आता चटकन निघे. वाट रिकामी असे.