निरंक

एकदा एक वृद्ध गुरू होते आणि त्यांची विद्या मोठी विचित्र होती. दोन यंत्रे एकमेकांशी बोलू लागली की मध्ये दुभाषी लागतो. तो दुभाषी घडवण्याची ही विद्या. एका बाजूला माहितीचे भांडार, म्हणजे डेटाबेस. दुसऱ्या बाजूला त्यातले काहीबाही मागणारा प्रोग्राम. मधल्या दुभाष्याला त्या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात. गाडी हाकणाऱ्याशी त्याचे काही नाते नाही, पण चुकला तर माणसे दोघांच्याही हातून जायबंदी होतात.

या गुरूंना सगळे सर म्हणत. त्यांचा एक शिष्य होता. हुशार, चटपटीत, आणि हुशारीबरोबर येते ती घाई अंगात मुरलेला. त्याचे वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. महिनाअखेरीला वरून पत्रके यायची : अमक्या रोगाचे रुग्ण किती, तमक्या प्रकारच्या तक्रारी किती. वडील कोणालाही न विचारता सगळ्या रकान्यांत एकच शब्द लिहायचे, 'निरंक', म्हणजे काही नाही, आणि पत्रके परत धाडायचे. शाळा सुटल्यावर शिष्य त्यांच्या टेबलाशी बसून त्या शब्दाचे वळण गिरवायचा. कचेरीत एवढ्या एका शब्दावर सगळ्यांचे भागत असे.

पुढे एका व्यापाऱ्याने जिल्ह्यातल्या पाण्याच्या नोंदी सांभाळण्याचे काम घेतले. कुठल्या विहिरीत, कुठल्या हापशाच्या पाण्यात दात-हाडे बिघडवणारे फ्लोराइड किती, त्याच्या या नोंदी. प्रमाण मर्यादेत असेल तर यादीत ते नाव सुरक्षित म्हणून येई आणि हापशाला हिरवा रंग दिला जाई. जास्त असेल तर लाल. जुना दुभाषी सगळे अक्षरांत लिहून सांगायचा, म्हणून मंद होता. व्यापाऱ्याला बायनरी बोली बोलणारा नवा दुभाषी हवा होता. सरांनी ते काम शिष्यावर सोपवले.

या बोलीत अक्षरे लिहून दाखवायची नसतात, नुसते बाइट, म्हणजे यंत्राचे आकडे, येतात. प्रत्येक मूल्याच्या आधी चार बाइट येतात आणि पुढचे मूल्य किती लांबीचे ते सांगतात. लांबी आठ आली, तर पुढचे आठ बाइट वाचायचे. लांबी उणे एक आली, तर पुढे वाचायला काहीच नाही. भांडार त्यातून एवढेच सांगत असते की, हे मला ठाऊक नाही. नमुना आला नसेल, तपासणी झाली नसेल, भरणाऱ्याने भरले नसेल. कारण काही का असेना, ठाऊक नाही.

शिष्य या उणे एकपाशी येऊन थबकला. त्याने संख्येसाठी जो खण केला होता त्यात संख्याच मावत होती. 'ठाऊक नाही' ठेवायला त्यात जागाच नव्हती. जागा करायची तर चार दिवसांचे काम वाढत होते आणि वेगही थोडा कमी होत होता. मग त्याला लहानपणीचे वळण आठवले. लांबी उणे एक आली की खणात शून्य ठेवायचे, असे त्याने लिहिले आणि शेजारी टीप दिली : निरंक. सरांनी काम वाचून खाली 'पाहिले' असे लिहिले. दुभाषी जुन्याच्या सहापट वेगाने बोलू लागला, आणि व्यापाऱ्याने पेढे वाटले.

चार वर्षे गेली. एके दिवशी शिष्य व्यापाऱ्याने छापलेले रंगीत पत्रक घेऊन मोठ्या कौतुकाने सरांकडे आला. "सर, हे बघा, जिल्ह्यातले एकेचाळीस जलस्रोत पूर्णपणे फ्लोराइडमुक्त! सगळे शून्य."

सरांनी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "यादीतलं पहिलं गाव कुठलं? उद्या सकाळच्या बसने तिथे जाऊ." शिष्याला वाटले, म्हाताऱ्याला आपले काम प्रत्यक्ष पाहायचे आहे. तो खूश झाला. इस्त्रीचा सदरा घालून निघाला.

गाव लहान होते आणि ऊन चांगलेच तापले होते. हापसा हिरवागार रंगवलेला होता. शेजारच्या घरातल्या पंचफुलाबाईंनी पाहुण्यांना ओसरीवर बसवले आणि तांब्या-पेला आणला. "घ्या ना जी पानी. गोड हाये. पह्यले आमी थ्या टेकडीमांगच्या इहिरीवरून आनत होतो, दोन दोन खेपा. हिरवा रंग देल्यापासून इथलंच पेतो."

शिष्याने पेला तोंडाशी नेला. तेवढ्यात सरांनी तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः घटाघटा पिऊन टाकला. मग आणखी एक मागितला आणि तोही संपवला. शिष्य लाजेने लाल झाला. सरांना तहान लागली असेल, हे खरे. पण परक्या घरी दुसऱ्याच्या हातातला पेला ओढून घ्यायचा, ही काय रीत झाली? त्याने स्वतःसाठी आणखी एक पेला मागायला हात पुढे केला तर सरांनी तो हात धरून ठेवला.

इतक्यात आतून एक मुलगी आली. या कथेत गुरू-शिष्यांना नावे नसली तरी चालेल, पण हिचे नाव सांगितले पाहिजे, कारण सगळा हिशेब हिच्या अंगावर निघाला होता. तिचे नाव तनुजा. वय सात. ती पाहुण्यांकडे बघून हसली तेव्हा नुकतेच आलेले तिचे पुढचे दात तपकिरी, पट्टे ओढल्यासारखे दिसले. चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासत होते.

"डाक्टर म्हनते कॅल्शियम कमी हाये," पंचफुलाबाई म्हणाल्या. "गोया चालू हायेत. गावात आनखी सा पोराईचे पाय असेच होऊन रायले. पानी तर चांगलं हाये, मंग कायनं होते काय मालूम."

 शिष्य उठला, जवळची पाण्याची रिकामी बाटली हापशाखाली धरून भरली आणि बस थांब्याकडे चालू लागला. सर मागून सावकाश आले आणि बाकावर टेकले.

"सर, भांडारात त्या हापशापुढे काय आहे?"

"काल पाहिलं. काहीच नाही. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेत पोचलीच नव्हती. ती एकेचाळीसच्या एकेचाळीस ठिकाणं तशीच. जमिनीच्या पोटातून येणारं पाणी तंतोतंत शून्य असतं का रे कुठे? जे कोणी तपासलं नाही, ते तुझ्या यादीत सगळ्यांत शुद्ध ठरलं."

"पण खणात जागा नव्हती, सर. म्हणून मी निरंक..."

"निरंक म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. न मोजलेल्याला निरंक म्हणायला तुला तुझ्या वडिलांच्या कचेरीनं शिकवलं. यंत्र बिचारं प्रामाणिक होतं. त्याने चार बाइट पाठवून स्वच्छ सांगितलं की मला ठाऊक नाही. त्याला त्याची लाज वाटली नाही. लाज वाटली ती तुला, कारण तुला सगळं भरलेलं दिसायला हवं होतं. दुभाष्याने भांडाराच्या तोंडी आपलं उत्तर घातलं. आणि मी? मीही तेच कारकुनी मराठी वाचत म्हातारा झालो. तो शब्द बघून माझा डोळा पुढे सरकला आणि मी 'पाहिले' लिहून मोकळा झालो. ते पाणी कसं आहे हे आज आपल्या दोघांनाही ठाऊक नाही. म्हणून तुला पिऊ दिलं नाही. ज्याने 'पाहिले' म्हणून सही केली, त्याने प्यावं."

बस आली. 

चूक दुरुस्त करायला चार दिवस लागले. यादीतली एकेचाळीस शून्ये गेली आणि तिथे रिकाम्या जागा आल्या. व्यापारी चिडला. "हे कसं दिसतं? शून्य किती छान दिसत होतं!"  हापशाच्या पाण्याची बाटली शिष्य स्वतः प्रयोगशाळेत घेऊन गेला होता. अहवाल आला : लिटरला साडेचार मिलिग्रॅम. मर्यादा दीडची. उरलेल्या चाळीस ठिकाणांचे नमुने तातडीने घ्यावेत, असे त्याने कचेरीला कळवले. महिनाअखेरीला कचेरीचे पत्रक आले. 'घेतलेले नमुने' या रकान्यात लिहिले होते, निरंक. या खेपेला मात्र शब्द बरोबर वापरला होता.

रंगारी कधी येईल हे कचेरीत कोणी सांगेना. तेव्हा शिष्याने स्वतःच लाल रंगाचा डबा घेतला आणि पुन्हा त्या गावी गेला. तो हापसा रंगवत असताना पंचफुलाबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे तनुजा होती.

"चार वर्सं हिरवा होता थो," बाई म्हणाल्या. "मंग कोनालेच मालूम नोतं का जी?"

सरांचे नाव घेता आले असते. व्यापाऱ्याचे, कचेरीचेही घेता आले असते. शिष्याने ब्रश खाली ठेवला.

"नव्हतं माहीत, बाई. यंत्राने सांगितलं होतं की माहीत नाही. मध्ये मी होतो. मी ते शून्य म्हणून पुढे सांगितलं."

यंत्र कुठले, शून्य कसले, हे बाईंना कळले की नाही कोण जाणे. पण 'माहीत नाही' एवढे त्यांना कळले.  त्यांनी दारातली रिकामी घागर उचलून कमरेवर घेतली.

"मंग तवाच सांगाचं होतं ना, मालूम नाही म्हनून," त्या म्हणाल्या. "आमी जातच होतो ना थ्या इहिरीवर. आमाले काई तरास नोता."

आणि त्या टेकडीच्या दिशेने चालू लागल्या. तनुजा त्यांच्या मागे थोडी चालली आणि गुडघे धरून वाटेतच बसली.  त्या दिवसापासून शिष्याने आयुष्यात पुन्हा कधी तो शब्द लिहिला नाही.

आपल्याही हाती रोज कुठला ना कुठला रकाना येतो. उत्तर ठाऊक नसेल तर तो रिकामा ठेवावा. त्या रिकाम्या जागेमुळे कोणीतरी दूरच्या विहिरीवर जात राहील.