उगवतीकडे पाय

"दिशेनं काय फरक पडतो, बाबा?"

आणाजी ओहोळ खड्ड्याच्या कडेला उभे राहून आत बघत होते.

आणाजींचं वय अठ्ठ्याहत्तर. डोंगराकाठच्या सात खेड्यांत त्यांनी चाळीस वर्षं पाळकाचं काम केलं होतं. आज त्यांच्या बायकोची माती होती. सारजाबाई काल पहाटे गेल्या. त्यांची पेटी चर्चमध्ये ठेवली होती, आणि अकरा वाजता मंडळी ती घेऊन गावाबाहेरच्या या दफनभूमीत येणार होती.

प्रश्न विचारणारा होता रेव्हरंड प्रबोध पारखे. याच गावचा. आणाजींनी त्याला अक्षरओळख करून दिली, पुढं पाळकीच्या शिक्षणाला धाडलं. आता तो पुण्यातल्या मोठ्या चर्चचा पाळक होता. पुनरुत्थानावर जाडजूड प्रबंध लिहून त्यानं डॉक्टरेट मिळवली होती. त्याचा उपदेश ऐकायला लांबून लोक येत.

खड्ड्यात इसाक तुपे घाम पुसत उभा होता. गावातल्या सगळ्या कबरी तोच खोदायचा.

"पाळकबाबा, आधी उगवती-मावळतीच धरली होती," तो म्हणाला. "पण दोन हातांवर कातळ लागला. म्हणून मग उत्तरेकडं वळवली. तिकडं माती मऊ आहे."

त्या दफनभूमीतली प्रत्येक कबर पूर्व-पश्चिम होती. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. प्रभू परत येईल तो उगवतीकडून, आणि त्या दिवशी मेलेले उठून उभे राहतील तेव्हा त्यांचं तोंड त्याच्याकडं असावं, असा जुन्या लोकांचा हिशेब.

"पुन्हा खोदावी लागेल," आणाजी म्हणाले.

"कातळात?"

"कातळात."

प्रबोधनं घड्याळ पाहिलं. चैत्राचं ऊन दहालाच चढलं होतं.

"शास्त्रात कुठं सांगितलंय असं?"

"कुठंच नाही."

"मग? जे समुद्रात बुडाले, जळून राख झाले, त्यांना देव उठवणार नाही?"

"उठवील की."

"मग देवाला पूर्व काय आणि उत्तर काय."

"त्याला काहीच नाही," आणाजी म्हणाले. "उठल्यावर हिला वळावं लागेल."

नऊ वर्षांपूर्वी सारजाबाई विहिरीच्या पायरीवरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं ते नीट जुळलंच नाही. तेव्हापासून अंथरुणात कूस बदलायची तरी कुणाचा हात लागे. बहुतेक वेळा आणाजींचाच.

प्रबोधचा आवाज मऊ झाला. लहान मुलाची समजूत घालावी तसा तो बोलला.

"बाबा, तेव्हा शरीर नवं असेल. खुबा दुखणार नाही. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"म्हणजे उठेल म्हणतोस."

प्रबोधनं पुन्हा घड्याळ पाहिलं.

"उठेल ना?"

"उठेल," प्रबोध म्हणाला. परीक्षेत उत्तर द्यावं तसा.

इसाकनं त्याच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

आणाजींनी टोपी काढून शेजारच्या कबरीवर ठेवली. धोतर खोचलं. इसाकला हात करून वर बोलावलं आणि ते स्वतः खड्ड्यात उतरले.

"बाबा, तुम्ही नका," इसाक म्हणाला.

"तू सकाळपासून वाकलायस. चर्चमध्ये जा, चहा घे. मंडळीला सांग, उशीर होईल. तोवर गाणी म्हणत बसा म्हणावं."

"किती उशीर सांगू?"

"कातळ फुटेपर्यंत."

इसाक गेला.

आणाजींनी पहार उचलली आणि पूर्वेच्या बाजूला घातली. खण्ण आवाज झाला. लिंबाएवढा टवका उडाला. दुसऱ्या घावाला तेवढाही नाही.

प्रबोध वर उभा होता. पांढरा झगा, पायांत चकचकीत बूट. दुपारी दोन वाजता त्याला निघायचं होतं, संध्याकाळी पुण्यात सभा होती.

आणाजी दहा घाव घालत आणि थांबत. श्वास बसला की पुन्हा दहा.

"तुम्ही रडत नाही," प्रबोध म्हणाला.

"काल रडलो. रात्रीही रडेन. आत्ता काम आहे."

पुन्हा दहा घाव.

"बाबा, इथं किती लोक पुरलेत तुम्ही?"

"तीनशेच्या वर असतील."

"त्यातलं एक तरी माणूस उठलेलं पाहिलंत?"

"नाही."

"चाळीस वर्षांत एकही नाही?"

"एकही नाही."

"तरीही तुम्ही..."

"तो घण दे जरा," आणाजी म्हणाले.

घण मातीच्या ढिगावर पडला होता. प्रबोधनं तो उचलला. चांगलाच जड होता. तो हातात धरून प्रबोध कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. खाली आणाजींनी हात वर करून ठेवला होता. तो खाली आला नाही.

प्रबोधनं घण दिला नाही. त्यानं झगा काढला, बूट काढले आणि तो खड्ड्यात उतरला.

आणाजी सरकले. त्यांनी कातळातली एक बारीक भेग शोधली, छिन्नीचं टोक तिच्यावर टेकवलं आणि छिन्नी दोन्ही हातांनी धरली.

"मार."

"बाबा, मी कधी घण मारलेला नाही. चुकला तर तुमच्या हातावर बसेल."

"नीट मारशील?"

"नीट मारीन, पण..."

"झालं तर. मार."

प्रबोधनं घण वर उचलला. आणाजी छिन्नीकडं बघत नव्हते. ते प्रबोधच्या तोंडाकडं बघत होते.

घण छिन्नीवर बसला.

"आता जरा जोरात," आणाजी म्हणाले.

अर्धा तास घाव पडत राहिले. प्रबोधच्या तळव्यांना फोड आले, त्यातला एक फुटला. चर्चमधून गाण्याचे सूर येत होते. वारा पडला की तेही थांबल्यासारखे वाटत.

मग प्रबोधनं घण खाली ठेवला.

"स्वराला जाऊन दोन वर्षं झाली, बाबा."

आणाजींना ते ठाऊक होतं. प्रबोधची एकुलती लेक. तीन दिवसांचा ताप. तेव्हा सारजाबाईंना सोडून आणाजींना पुण्याला जाता आलं नव्हतं. त्यांनी पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही.

"मी तिला माती दिली नाही," प्रबोध म्हणाला. "फाटकाशी उभा राहिलो. सगळे आत गेले. दुसऱ्या पाळकांनी विधी केला. मला पाऊलच उचलेना."

आणाजींनी छिन्नी गुडघ्यावर ठेवली.

"पुढच्या रविवारी मी आशेवर उपदेश केला. लोक रडले. म्हणाले, केवढा विश्वास आहे या माणसाचा." त्यानं तळहातावरची माती पुसली. "त्या दिवसापासून व्यासपीठावर मी जे बोलतो ना, ते दुसऱ्याचं कुणाचं तरी असतं. मी नुसता वाचून दाखवतो."

आणाजींनी छिन्नी पुन्हा भेगेवर टेकवली.

"तुम्ही काही म्हणणार नाही?" प्रबोधनं विचारलं.

"म्हणेन. आधी हा फुटू दे."

प्रबोधनं घण उचलला. या वेळी त्यानं मारला तो कातळ फोडायलाच मारला. एकदा, दोनदा, सातदा, आठदा. कितव्या घावाला कुणास ठाऊक, खालून एक जाड, ओला आवाज आला आणि भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली.

इसाक परत आला तेव्हा दोघं खड्ड्यात गुडघे टेकून मोकळ्या झालेल्या दगडाखाली पहार घालत होते. इसाक उतरला. तिघांनी मिळून दगड वर काढले, तळ सपाट केला, कडा तासल्या. एक वाजून गेला होता.

मंडळी सारजाबाईंना घेऊन आली.

प्रबोधनं झगा चढवला, पण बूट घालायचे राहिले. आणाजी म्हणाले, "तू वाच." तो वाचू लागला. मेलेले उठतील त्या वचनापाशी आला आणि थांबला...

लोक वाट पाहत राहिले. मागच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी पुढं येऊन पुस्तक घेणार होतं, आणाजींनी त्याला हातानं थांबवलं.

प्रबोधनं पुस्तक मिटलं. पुढचे शब्द तो पेटीकडं बघून बोलला. इतक्या हळू की मागच्यांना ऐकू गेले नाहीत. आणाजींना ऐकू गेले.

सारजाबाईंना खाली उतरवलं. डोकं मावळतीला, पाय उगवतीला. आणाजींनी पहिली मूठ टाकली. मग त्यांना रडू आलं आणि ते रडले. इसाकनं त्यांना धरलं.

दोन वाजता गाडीवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. प्रबोध त्याच्याकडं गेला, दोन शब्द बोलला आणि परत आला. गाडी तशीच थांबून राहिली.

लोक पांगले. इसाक हत्यारं घेऊन गेला. नव्या मातीच्या शेजारी दोघंच बसले. प्रबोधच्या हाताला कुणीतरी चिंधी बांधली होती.

"उद्या मी स्वराकडं जाणार आहे," तो म्हणाला.

"जा."

"तिथं जागा अपुरी. मिळेल त्या कोपऱ्यात कबरी खोदतात. तिचे पाय कुठल्या दिशेला आहेत, तेही मी पाहिलं नाही." त्यानं हाताची चिंधी आवळली. "आता तिथं कातळ फोडून काही होणार नाही. ती उठेल तेव्हा तिला प्रभू दिसला नाही तर, बाबा?"

आणाजींनी त्याच्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"केवढी होती रे?"

प्रबोधनं हात जमिनीपासून वर नेला. बसल्या जागी स्वतःच्या खांद्यापर्यंत. मग जरा खाली आणला. तेवढ्यावर तो हात थांबला.

आणाजी त्या हाताकडं बघत राहिले...

"एवढ्याशा पोरीला तो चालवत नेईल होय?" ते म्हणाले. "कडेवर घेईल."